आज आमच्याकडे वरण-भात

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला ठाऊक आहे, पण मी सांगितलं म्हणून नव्हे — ती घरातच होती. मुलीलाही ठाऊक आहे. पण कोणाला ठाऊक असणं वेगळं आणि आपण आपल्या तोंडाने सांगणं वेगळं, हे मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी एका माणसाने शिकवलं. त्याच माणसाबद्दल हे आहे.

आधी दिवस, रक्कम आणि हजेरी लिहितो. त्याशिवाय मला पुढे सरकता येत नाही. दिवस — आठ वर्षांपूर्वीचा, होळीनंतरचा दुसरा रविवार, संध्याकाळ. रक्कम — चार हजार दोनशे रुपये. हजर पाच जण: सोसायटीचे अध्यक्ष शेखावतजी, दुसऱ्या मजल्यावरच्या जैन भाभी, तळमजल्यावरच्या फ्लॅटचे मालक गुप्ताजी, त्या फ्लॅटमधले भाडेकरू खरात सर, आणि खजिनदार म्हणून मी, परब. जागा — जयपूर, आमच्या इमारतीची गच्ची.

मी मूळचा देवगडकडचा. एका विमा कंपनीत हिशेब खात्यात आहे. बदली होऊन इथे आलो, दोन-तीन वर्षांत परत जाऊ म्हणत राहिलो, आणि शेवटी कर्ज काढून पहिल्या मजल्यावर फ्लॅट घेतला. घेताना एकच प्रश्न विचारला गेला — आप लोग शाकाहारी ही हैं ना? मी हो म्हटलं. इथे बहुतेक इमारतींत हा प्रश्न विचारतात, आणि घर हवं असलेला माणूस हो म्हणतो. पुढे आम्ही घरात गणपती बसवला, मोदक वाटले, बायकोने शेजारणींना पुरणपोळ्या दिल्या, आणि त्यावर इमारतीने आमचं सोवळं कायमचं ठरवून टाकलं. मला खजिनदार केलं तेव्हा शेखावतजी म्हणाले होते, "महाराष्ट्रियन आदमी है, हिसाब का भी पक्का और खान-पान का भी."

आणि आम्ही मासे खाणारी माणसं. वर्षातून दोनदा मेव्हणा मुंबईहून यायचा तेव्हा सुके बोंबील आणायचा — आधी प्लास्टिकमध्ये, वर वर्तमानपत्र, मग स्टीलचा डबा, डब्याच्या झाकणाला चिकटपट्टी. भाजण्याची आमची पद्धत ठरलेली होती. खिडक्या बंद, पंखा बंद, दाराच्या फटीला ओला टॉवेल, देवापुढे दोन उदबत्त्या. आणि मुलीने गॅलरीत उभं राहून खाली कोण आहे ते सांगायचं. लहान होती तेव्हा मुक्ताला हा खेळ वाटायचा. नंतर वाटेना. पण ती उभी राहायची.

आता खरात सर.

अंतोन खरात, श्रीरामपूरकडचे, कॅथलिक. तरुणपणी धर्मगुरू व्हायला सेमिनरीत गेले, सात वर्षांनी बाहेर पडले, वसईच्या मुलीशी लग्न केलं आणि इथल्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झाले. पत्नी गेल्यावर आमच्या तळमजल्यावर भाड्याने आले — गुडघे जिना चढू देत नव्हते म्हणून. एकाहत्तर वर्षांचे होते. मध्ययुगातले ख्रिस्ती पंडित देवाबद्दल, पापाबद्दल, माणसाच्या मनाबद्दल ज्या लॅटिन शब्दांत बोलायचे, त्या शब्दांचा मराठी कोश करणं एवढं एकच काम त्यांनी हाती ठेवलं होतं. मी एकदा विचारलं, सर, हा कोश वाचणार कोण? ते म्हणाले, "परबसाहेब, तुमची विम्याची पॉलिसी तरी कोण वाचतं? पण एक दिवस काढावी लागतेच."

मुक्ता तेव्हा बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती, विषय तत्त्वज्ञान, आणि त्यात नेमका मध्ययुगाचा पेपर. सरांची नजर कमी झाली होती. ठरलं असं की तिने त्यांना मजकूर वाचून दाखवायचा आणि त्यांनी तिला अर्थ सांगायचा. मी फीचं विचारलं तर हात हलवून म्हणाले, "फिटंफाट." मुक्ताचं मराठी तोवर तुटक होतं, इथे वाढलेल्या मुलांचं असतं तसं, मतलब आणि भैया घालून बोललेलं. सरांकडे जाऊन ते सुधारलं. दोन वाक्यांच्या मध्ये थांबून नेमका शब्द शोधायची तिला सवय लागली. घरी येऊन मला विचारायची — बाबा, खंत आणि पस्तावा यांत फरक काय? मला सांगता यायचा नाही. पण ती मराठीत विचारते आहे याचंच मला केवढं वाटायचं.

ती शिकायला जायची तेव्हा मीही जाऊन वेताच्या खुर्चीत बसायचो. तरुण मुलगी, एकटा विधुर — लोक काय म्हणतील? माझ्या आयुष्यातलं सगळ्यात जुनं खातं हेच आहे, लोक काय म्हणतील. तर बसायचो, हातात पेपर धरायचो आणि ऐकायचो. खोटं कशाला बोलू, मला आवडायचं. ते पंडित माझ्यासारखेच होते. प्रत्येक गोष्ट कुठल्या खात्यात टाकायची याचा त्यांना ध्यास. दोष वेगळा, दंड वेगळा: दोष माफ झाला तरी दंड शिल्लक राहू शकतो. शिक्षेच्या भीतीने झालेला पश्चात्ताप वेगळा, ज्याला दुखावलं त्याच्यावरच्या मायेने झालेला वेगळा. दोन्हींना लॅटिनमध्ये दोन नावं. मला वाटायचं, वा, ही खरी वर्गवारी.

एक दिवस द्रव्य आणि आगंतुक गुण यांवर चाललं होतं. द्रव्य म्हणजे वस्तू जी स्वतःच्या बळावर असते — लिंबू, माणूस, भिंत. आगंतुक गुण म्हणजे जो दुसऱ्याच्या आधाराने असतो — रंग, उंची, वास. "वास कधी एकटा नसतो," सर म्हणाले. "तो कशाचा तरी असतो. कुठला तरी वास येतोय म्हटलं की कशाचा, हा प्रश्न आलाच." मुक्ताने विचारलं, कधीच नाही एकटा? ते हसले. "एकाच ठिकाणी. मिस्सात, म्हणजे आमच्या चर्चच्या उपासनेत, भाकरीचं द्रव्य पालटून ख्रिस्ताचं शरीर होतं आणि भाकरीचा रंग-वास तेवढा राहतो, असं आम्ही मानतो. मग तो वास कशाचा — यावर ही मंडळी शेकडो वर्षं भांडली. तू पेपरात चार ओळी लिही, जास्त भांडू नकोस."

आणि एक दिवस जिभेच्या पापांवर. हे नीट सांगतो, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. तोंडावर बोललं तो अपमान. दोघांत फूट पाडायला बोललं ती चहाडी. आणि तिसरं — माणूस समोर नसताना त्याचं नाव खाली आणलं ती निंदा. मुक्ता म्हणाली, पण खोटं बोललं तरच ना? सर म्हणाले, "नाही बाळ. खोटं असेल तर तो आणखी वेगळा गुन्हा. दुसऱ्याचा झाकलेला दोष, अगदी खरा असला तरी, गरज नसताना उघडा केलास तर ती निंदाच. माणसाचं नाव ही त्याची मालमत्ता आहे. ती घेतलीस तर चोरी केलीस, आणि चोरीचा माल परत द्यावा लागतो." तिने विचारलं, आणि आपल्यावरच खोटा आळ आला तर? खरा दोषी कोण ते आपल्याला माहीत असलं तर? ते म्हणाले, "तेव्हा सांगायला मोकळीक आहे. सगळे पंडित देतात. पण मोकळीक म्हणजे आज्ञा नव्हे. मी असेन तर नाही सांगणार. आणि खोटंही नाही बोलणार. मग जे होईल ते."

मी पेपराआडून हे ऐकलं. शब्दन् शब्द ऐकला. हे लक्षात ठेवा.

तर तो रविवार. इथे होळीनंतर बायकांची गणगौरीची पूजा असते, पंधरा-सोळा दिवस, रोज सकाळी गाणी म्हणत. आमच्या सोसायटीत ती दर वर्षी मागच्या इमारतीत व्हायची. आदल्या दिवशी मेव्हणा डबा देऊन गेला होता. बायकोने विचारलं, "अहो, आज भाजू काय?" मी म्हटलं, भाज, सगळ्या मागे गेल्यात, चौकात कोणी नाही. मुक्ता गॅलरीत जायला निघाली, तर मीच म्हटलं, राहू दे, आज गरज नाही.

मागच्या इमारतीची पाण्याची टाकी त्या सकाळी फुटली होती. बायकांनी पूजा उचलून आमच्या चौकात आणली. मला पत्ता नाही. आणि दुसरी एक गोष्ट माझ्या लक्षात तोवर आली नव्हती: स्वयंपाकघरांच्या मागे जो उभा बोळ आहे पाइपांचा, त्यात आमच्या मोरीची जाळी उघडते, आणि तो बोळ खाली चौकात सुटतो — बरोबर सरांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशेजारी. आम्ही खिडक्या लावल्या, दार लावलं, टॉवेल लावला. वास बोळातून खाली गेला आणि सरांच्या खिडकीपाशी बाहेर पडला. चौकात वीस बायका, मध्ये गौरीची मूर्ती, गाणं चाललेलं. मी मागच्या इमारतीतलं समजत होतो ते गाणं थांबल्याचं मला वर ऐकू आलं. मग आरडाओरडा.

सरांचा तेव्हा उपवासकाळ चालू होता, ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस. त्यांच्यात त्या दिवसांत मटण सोडतात, मासळीला मुभा असते. सर मासळीच सोडायचे. पत्नी वसईची, घरात मासळीचं वेड. ज्याची ओढ जास्त तेच सोडायचं, असं त्यांचं होतं. त्या रविवारी त्यांच्या चुलीवर मुगाची खिचडी होती. मला कसं ठाऊक? सकाळी मुक्ता त्यांना आमच्याकडचं आमसूल देऊन आली होती, तेव्हा तिने पाहिली होती.

बायकोला खालचं बोलणं ऐकू आलं. जैन भाभी सरांच्या दारावर थाप मारत होत्या. बायकोने पदराला हात पुसले आणि म्हणाली, "मी जाऊन सांगते." मी दारापाशी जाऊन उभा राहिलो. खाली वाकलो आणि टॉवेल सरकला होता तो पायाने पुन्हा फटीला लावला. मुक्ता जेवणाच्या टेबलाशी बसली होती. तिच्या ताटात बोंबील होता.

संध्याकाळी गच्चीवर बैठक. सर कठडा धरत जिना चढून आले. वर पोचायला त्यांना किती वेळ लागला ते सगळ्यांनी पाहिलं, कोणी खुर्ची पुढे केली नाही. मी केली — हे मी माझ्या बाजूने लिहीत नाही, झालं म्हणून लिहितो. शेखावतजींनी रीतसर प्रत्येकाला विचारलं. माझ्याकडे वळले तेव्हा अर्धवट हसत विचारलं, विचारायचं म्हणून. मी उत्तर तयार ठेवलं होतं. दुपारभर तयार करत होतो.

"भाईसाहब, आज हमारे यहाँ तो वरण-भात बना है. दाल-चावल."

वाक्य खरं होतं. वरण-भात झाला होता. बोंबील त्याच्याबरोबरच खातात.

जैन भाभी लगेच म्हणाल्या, "परबजी से क्या पूछना!" याच भाभींनी मला कावीळ झाली तेव्हा पंधरा दिवस उसाचा रस आणून दिला होता. वाईट बाई नाही. त्या दिवशी त्यांचे डोळे रडून सुजले होते. गौरीपुढे असं झालं म्हणून.

मग सरांना विचारलं. ते म्हणाले, "मेरे घर से नहीं आई." शेखावतजी म्हणाले, "तो किसके घर से आई? आपकी खिड़की के पास से आ रही थी. आपको तो पता होगा."

वसईच्या बाईबरोबर चाळीस वर्षं संसार केलेल्या माणसाला भाजलेल्या बोंबलाचा वास कळणार नाही? आणि त्या इमारतीत देवगडचं माणूस एकच. सर आपल्या हातांकडे बघत होते. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. एकदाही नाही.

"ये मैं नहीं बता सकता," ते म्हणाले.

माहीत नाही, असं म्हणाले असते तर सुटले असते. निदान अर्धे सुटले असते. पण ते खोटं झालं असतं, म्हणून म्हणाले नाहीत. नाव घेतलं असतं तर पूर्ण सुटले असते. ते घ्यायचं नव्हतं. गच्चीवर बाकी सगळ्यांना ते वाक्य म्हणजे चोराची कबुली वाटली. त्या वाक्याचा खरा अर्थ कळणारा तिथे एकच माणूस होता, आणि तो खजिनदाराच्या खुर्चीत बसला होता.

आता ते सांगतो, ज्यासाठी हे लिहायला घेतलं.

मी घाबरलो म्हणून गप्प बसलो, असं तुम्हाला वाटत असेल. बायकोला तसंच वाटतं, आणि मी तिला वाटू दिलं आहे. भीती होतीच — फ्लॅट, कर्ज, बारा वर्षांचं नाव. पण नुसती भीती असती तर मी त्या बैठकीला गेलोच नसतो. ताप आला म्हटलं असतं. मी गेलो. कारण दुपारी, बायको भांडी घासत असताना, मी पलंगावर बसून विचार केला — सरांना कळलं असणार. मग ते नाव सांगतील का? आणि मला वेताच्या खुर्चीत ऐकलेलं आठवलं. मी असेन तर नाही सांगणार. खोटंही नाही बोलणार. मला त्या क्षणी काय झालं माहीत आहे? हायसं वाटलं. माणूस शब्दाचा पक्का आहे, बुडवणार नाही, असं आपण उधार देताना एखाद्याबद्दल म्हणतो ना — तसं. मी त्यांच्या चांगुलपणाची किंमत काढली आणि त्यावर निर्धास्त झालो. ते दुबळे असते, खोटारडे असते, तर मला खरं बोलावं लागलं असतं. ते तसे नव्हते, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. फुकट. माझ्या मुलीसमोर.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

पुढचं लवकर संपवतो. गुप्ताजींनी सरांना घर सोडायला महिन्याची मुदत दिली. भाडेकरूंकडून सोसायटी दहा हजार अनामत घ्यायची. त्यातून चौक धुण्याचा, पूजेच्या नव्या सामानाचा आणि पंडितजींच्या दक्षिणेचा खर्च कापायचा ठरला. कोणीतरी पाच हजार म्हणालं. मी म्हटलं, असं अंदाजे नको, बिलं असतील तेवढंच कापू. बिलं चार हजार दोनशेची झाली. आठशे रुपये वाचवले म्हणून त्या रात्री मला थोडी झोप लागली — एवढा नीच हिशेब मी आयुष्यात दुसरा केला नाही.

मुक्ता महिनाभर खाली शिकायला जात राहिली. मी जायचं सोडलं. सर शिकवत राहिले. तिचा पेपर जवळ आला होता. जायच्या आदल्या दिवशी उरलेले पाच हजार आठशे द्यायला मी गेलो, तेव्हा दोघं परतफेडीच्या शब्दावर होते. घेतलेलं परत दिल्याशिवाय पश्चात्ताप पुरा होत नाही, असं काहीतरी. मला बघून सर थांबले. पैसे न मोजता खिशात ठेवले. म्हणाले, "परबसाहेब, पोरीला लॅटिन जमेल. सोडू देऊ नका." टोमणा होता का? आठ वर्षं विचार करतोय. टोमणा असता तर बरं झालं असतं.

ते श्रीरामपूरला भाचीकडे गेले. तिथे ना इथल्यासारखं ग्रंथालय, ना वाचून दाखवणारं कोणी. दोन वर्षांनी वारले. कोश अर्धा राहिला.

मुक्ताने लॅटिन सोडलं. तत्त्वज्ञानही सोडलं, आता गुरगावला नोकरी करते. सर इमारत सोडून गेले त्या दिवसापासून ती माझ्याशी हिंदीत बोलते. भांडण नाही, अबोला नाही. फोन करते, तब्येत विचारते. जी पापा, ठीक हूँ पापा. आईशी मराठीत बोलते, चांगलं, नेमकं, थांबून शब्द निवडून. मी फोन घेतला की बदलते. पूर्वी बाबा म्हणायची.

गेल्या वर्षी मी शेखावतजींना अर्धं सांगितलं. त्यांच्या नातवाचा मुंज-जनेऊचा कार्यक्रम होता, आम्ही बाजूला बसलो होतो. मी म्हटलं, भाईसाहब, त्या वर्षी गणगौरीच्या वेळचा तो वास आमच्या घरातला होता. काय होईल ते होवो, म्हणून गेलो होतो. दंड, बहिष्कार, फ्लॅट विकायला लागणं — सगळ्याची मनात तजवीज केली होती.

ते मोठ्याने हसले. माझ्या पाठीवर थाप मारली. "अरे परबजी, आप भी! छुपे रुस्तम निकले." मग जवळ येऊन, हळू आवाजात, "हम राजपूत हैं भाईसाहब, गाँव जाते हैं तो हम कौन-सा घास खाते हैं! बस यहाँ लेडीज़ का ध्यान रखना पड़ता है. छोड़िए, पुरानी बात है."

मी म्हटलं, पण खरात सरांना आपण काढलं.

ते क्षणभर आठवत राहिले. मग म्हणाले, "हाँ, वो बुड्ढा. उसकी बात और थी."

आणि जेवणाकडे वळले. नंतर जिन्यात भेटले तेव्हा कुजबुजले, कभी हमें भी खिलाइए.

म्हणजे मी खरं सांगितलं असतं तर मला काहीही झालं नसतं. थोडी बोंबाबोंब, एक माफी, कदाचित शंभर रुपयांचे लाडू. ज्या भीतीपायी मी त्यांना विकलं, ती भीतीच पोकळ होती. आणि वास? वास आगंतुक होता. तो माझ्या घरातला निघाला तर हसण्यावारी जातो. त्यांनी गच्चीवर ज्याला बाहेर काढलं ते वेगळंच काही होतं, ते आधीपासून ठरलेलं होतं, आणि माझ्या वरण-भाताने त्याला फक्त निमित्त दिलं. हे कळल्याने माझा दोष कमी होतो का? होत नाही. मी मांडून पाहिलं आहे. वाढतो.

शेखावतजींना मी वासाचं सांगितलं. हायसं वाटल्याचं नाही सांगितलं. आणि सरांचं नाव इमारतीत आजही तेच आहे. नवा भाडेकरू आला की जैन भाभी अजून सांगतात — हमारे यहाँ एक बार एक क्रिश्चन प्रोफेसर थे. मी ऐकतो. जिन्याने वर जातो.

गेल्या महिन्यात सरांच्या भाचीचा नंबर मुक्ताकडून घेतला. कशाला पाहिजे, असं तिने विचारलं नाही. मी भाचीच्या खात्यात पैसे पाठवले. तिचा फोन आला — दादा, हे कशाचे? मी म्हटलं, तुमच्या मामांच्या अनामतीतून कापले गेले होते, कापायला नको होते, हिशेबातली चूक होती.

हे वाक्यही खरं आहे. वरण-भाताचं होतं तसंच.

ती म्हणाली, "मामा म्हणायचेच, परबसाहेब हिशेबाचे पक्के." आणखी काय म्हणायचे, हे मी विचारलं नाही.

चार हजार दोनशे रुपये. श्रीरामपूरला, भाचीला. एवढेच दिले.